दगडाचा रूळ झाला, फुलाचे काय?

२ फेब्रुवारी १९५५ रोजी भारत आणि सोव्हिएत संघ यांच्यात भिलाईच्या पोलाद कारखान्याचा करार झाला. चार वर्षांनी, ४ फेब्रुवारी १९५९ रोजी, राष्ट्रपती डॉ. राजेंद्रप्रसाद यांच्या हस्ते तिथली पहिली झोतभट्टी सुरू झाली. तेव्हापासून दल्ली-राजहराच्या खाणीतले लोहखनिज भिलाईत येते आणि रूळ होऊन देशभर जाते. दुर्ग-भिलाईतल्या पद्मनाभपूरसारख्या वसाहतींत राहणाऱ्या कोणालाही या व्यवहाराचे मर्म समजावून सांगावे लागत नाही. दगड जसाच्या तसा विकला असता तर हाती मजुरी आली असती. त्याचे पोलाद केल्यामुळे पगार आले, शाळा आल्या, दवाखाने आले, आणि खेड्यांच्या जागी शहर उभे राहिले. कच्चा माल जिथे निघतो तिथेच त्याचे रूप पालटावे, हा विचार इथल्या दोन पिढ्यांच्या अंगवळणी पडला आहे.

खनिजाच्या बाबतीत अंगवळणी पडलेला हा विचार वनस्पतीच्या बाबतीत मात्र आपण कधी केलाच नाही. दुर्गहून रेल्वे राजनांदगाव, डोंगरगड, सालेकसा करत गोंदियाकडे जाते. फाल्गुनात या साऱ्या पट्ट्यात पळस फुलतो. तीच फुले वेचून, वाळवून, पोत्यांत भरून बाहेर जातात. हिरडा आणि बेहडा तसेच जातात. पुढे नागपूर-अमरावतीकडे संत्र्याचा रस निघतो आणि साल उकिरड्यावर पडते. या फुला-सालींत जी रसायने आहेत त्यांचे शुद्धीकरण आणि रूपांतर दुसरीकडे होते, आणि त्याची किंमतही दुसरीकडेच मिळते. माझे म्हणणे सरळ आहे. दुर्ग ते नागपूर या पट्ट्यात वनस्पतिपेशींच्या साहाय्याने नैसर्गिक रसायनांचे रूपांतर करणारी विज्ञानशाखा उभी राहिली पाहिजे. ती उभी करताना जंगलावर आणि जंगलात राहणाऱ्यांवर अन्याय होणार नाही, याची तजवीजही पहिल्या दिवसापासून झाली पाहिजे.

आधी रसायनांकडे पाहू. पळसाचा केशरी रंग, संत्र्याच्या सालीतले हेस्पेरिडिन, कांद्यातले क्वेर्सेटिन ही सारी फ्लेव्होनॉइड नावाच्या एकाच मोठ्या कुळातली. कार्बनची दोन षटकोनी कडी आणि त्यांना जोडणारे तीन कार्बन, एवढाच त्यांचा मूळ सांगाडा. या सांगाड्यावर ठिकठिकाणी हायड्रॉक्सिल गट असतात. क्वेर्सेटिनवर असे पाच आहेत. त्या खुंट्या आहेत असे समजा. कोणत्या खुंटीला काय टांगले आहे यावर रेणूचे सारे वागणे ठरते. खुंट्या मोकळ्या असतील तर रेणू पाण्यात जवळजवळ विरघळत नाही आणि हवेत लवकर बिघडतो. एखाद्या खुंटीला ग्लुकोज जोडले की तो पाण्यात उतरू लागतो आणि जास्त टिकतो. वनस्पती हेच करते. तयार झालेल्या फ्लेव्होनॉइडला ती साखर जोडते आणि पेशीच्या रिक्तिकेत साठवून ठेवते.

साखर जोडल्याने फरक किती पडतो, हे नेदरलँड्समधील हॉलमन आणि त्यांच्या सहकाऱ्यांनी १९९५ मध्ये दाखवले. नऊ स्वयंसेवकांना त्यांनी क्वेर्सेटिन तीन रूपांत दिले. नुसते क्वेर्सेटिन सुमारे २४ टक्के शोषले गेले. रुटिन, म्हणजे रुटिनोज ही जोडसाखर लागलेले क्वेर्सेटिन, १७ टक्के शोषले गेले. तळलेल्या कांद्यातले, ग्लुकोज जोडलेले क्वेर्सेटिन मात्र ५२ टक्के. मूळ रेणू तिन्हींत एकच होता, बदलली ती फक्त साखर. आतड्याच्या भिंतीवरचे एक विकर (एन्झाइम) ग्लुकोज ओळखते, ते कापते आणि उरलेला रेणू आत घेते, हे पुढच्या संशोधनातून कळले. दुसऱ्या प्रकारच्या साखरेला तिथे तशी वाट मिळत नाही. म्हणजे ‘कांद्यात क्वेर्सेटिन आहे’ एवढे म्हणून भागत नाही. ते कोणत्या रूपात आहे, हा खरा प्रश्न आहे. कांद्याच्या वाळक्या टरफलात क्वेर्सेटिन पुष्कळ असते, पण बहुतेक साखरेविना. लासलगावच्या बाजारात उडणाऱ्या त्या टरफलांना कोणी विचारत नाही.

मग ही साखर कारखान्यात का जोडू नये? रसायनशास्त्रज्ञांनी ते करून पाहिले आहे. अडचण अशी की रेणूवरच्या पाचही खुंट्या रसायनाला जवळपास सारख्याच दिसतात. हव्या त्याच खुंटीवर साखर बसवायची तर आधी बाकीच्या झाकाव्या लागतात, मग साखर जोडायची आणि शेवटी झाकणे काढायची. प्रत्येक पायरीला द्रावके लागतात, प्रत्येक पायरीला माल घटतो आणि सांडपाणी वाढते. फ्लेव्होनॉइडच्या रसायनशास्त्रात आपण मागे होतो, असे मात्र मुळीच नाही. फ्लेव्होन बनवण्याची जी क्रिया जगभरच्या पाठ्यपुस्तकांत बेकर-वेंकटरामन पुनर्रचना म्हणून शिकवली जाते, तिच्यातले वेंकटरामन म्हणजे कृष्णस्वामी वेंकटरामन. मुंबई विद्यापीठाच्या रासायनिक तंत्रज्ञान विभागाचे ते संचालक होते. १९५७ मध्ये ते पुण्याच्या राष्ट्रीय रासायनिक प्रयोगशाळेचे पहिले भारतीय संचालक झाले. दिल्लीच्या टी. आर. शेषाद्री यांनी आयुष्य याच कुळाच्या अभ्यासात घालवले. १९५५ मध्ये त्यांनी आणि त्यांच्या सहकाऱ्याने पळसाच्या फुलातून एक नवे रसायन वेगळे केले आणि त्याला पलासिट्रिन असे नाव दिले. भिलाईचा करार झाला त्याच वर्षी पळसाच्या फुलातले हे द्रव्य शास्त्राच्या नोंदीत आले. पोलाद पुढे गेले, पळस नोंदीतच राहिला.

जे काम रसायनाला जड जाते ते वनस्पतीची पेशी सहज करते. तिच्याकडे हे काम करणारी खास विकरे असतात. हवा तो रेणू आणि हवी ती खुंटी ती अचूक ओळखतात. पद्धत अशी आहे. पानाचा किंवा खोडाचा लहान तुकडा घ्यायचा, तो जंतुरहित करायचा आणि क्षार, साखर, जीवनसत्त्वे व संप्रेरके घातलेल्या माध्यमावर ठेवायचा. हे माध्यम बहुतेक ठिकाणी मुराशिगे आणि स्कूग यांनी १९६२ मध्ये ठरवून दिलेलेच असते. काही आठवड्यांत कापलेल्या कडेवर पेशींचा एक ओबडधोबड गोळा वाढतो. त्याला कॅलस म्हणतात. हा कॅलस द्रव माध्यमात टाकून फ्लास्क सावकाश हलवत ठेवला की पेशी सुट्या होऊन वाढू लागतात. त्यात थोड्या अल्कोहोलमध्ये विरघळवलेले फ्लेव्होनॉइड घालायचे आणि काही दिवस थांबायचे. पेशी ते आत घेते, त्यावर साखर चढवते, कधी हायड्रॉक्सिल किंवा मिथिल गट जोडते. शेवटी पेशी गाळून, अर्क काढून, नवे रेणू वेगळे करायचे आणि ओळखायचे. याला जैवरूपांतरण म्हणतात. यात झाड तोडावे लागत नाही, ऋतूची वाट पाहावी लागत नाही आणि तापमान पंचवीस अंशांच्या आसपास ठेवले तरी भागते.

याचे सर्वांत बोलके उदाहरण जपानमधले आहे आणि ते आपल्या हळदीचे आहे. कुरकुमिन हे काटेकोर अर्थाने फ्लेव्होनॉइड नाही, पण पॉलिफेनॉलांच्या मोठ्या घराण्यातलेच आहे आणि पाण्यात जवळजवळ विरघळत नाही. २००३ मध्ये जपानी संशोधकांनी ते सदाफुलीच्या पेशींना दिले. पेशींनी त्याला एकामागून एक ग्लुकोज जोडले. चार ग्लुकोज लागलेल्या रूपाची पाण्यातली विद्राव्यता मूळ कुरकुमिनच्या सुमारे दोन कोटी पट निघाली. सदाफुलीच्या झाडात कुरकुमिन नसते. त्या पेशीने हा रेणू पूर्वी कधी पाहिलेला नव्हता, तरीही तिने तो हाताळला. जपानच्याच शिमोदा आणि हमादा यांनी २००८ मध्ये रताळ्याच्या आणि निलगिरीच्या पेशींकडून हेस्पेरेटिनला साखर जोडून घेतली. हेस्पेरेटिन म्हणजे संत्र्याच्या सालीतल्या हेस्पेरिडिनचा साखर काढलेला सांगाडा.

इथे दुर्ग-नागपूर पट्ट्याचा संबंध थेट येतो. हेस्पेरिडिनला आजही बाजार आहे. त्यापासून रासायनिक क्रियेने डायोस्मिन बनवतात आणि शिरांच्या विकारांवर व मूळव्याधीवर दिल्या जाणाऱ्या गोळ्यांत ही दोन्ही द्रव्ये असतात. ती नीट विरघळत नाहीत, म्हणून त्यांची अतिसूक्ष्म पूड करावी लागते. विद्राव्य रूप स्वस्तात मिळाले तर या द्रव्यांचा उपयोग कितीतरी वाढेल. नागपूर संत्र्याला २०१४ मध्ये भौगोलिक मानांकन मिळाले, तेव्हा सारी चर्चा फळाच्या भावाची झाली. सालीचा भाव कोणी काढला नाही. पळसाचे तेच. त्याच्या फुलात ब्युटीन हे फ्लेव्होनॉइड आणि त्याची साखर लागलेली रूपे आहेत. फुलाच्या पाकळीत ही साखर कोणती विकरे जोडतात? पळसाच्याच पेशी वाढवून त्यांना हेस्पेरेटिन किंवा क्वेर्सेटिन दिले तर त्या कोणत्या खुंटीवर साखर बसवतील? या प्रश्नांची उत्तरे शोधायला पळस ज्या दारात फुलतो ते दार सोडून दूर जाण्याची गरज नाही.

यावर तीन आक्षेप येतात आणि तिन्ही गंभीरपणे घेण्यासारखे आहेत.

पहिला आक्षेप वेगाचा. जिवाणू वीस-तीस मिनिटांत दुप्पट होतो, वनस्पतीची पेशी दुप्पट व्हायला दिवस घेते. तेवढ्यात एखादा जंतू फ्लास्कमध्ये शिरला की सारे नासते. मग वनस्पतीतले विकराचे जनुक काढून यीस्टमध्ये घालावे आणि काम उरकावे, असे जगातल्या बऱ्याच प्रयोगशाळा म्हणतात आणि तसे करतातही. हा आक्षेप खरा आहे, पण अपुरा आहे. यीस्टमध्ये घालायचे जनुक कोणते, हे आधी कळायला हवे. कोणत्या झाडाची पेशी कोणत्या रेणूवर काय करते याचा शोध पेशीसंवर्धनातूनच लागतो. ते शोधाचे साधन आहे, आणि काही वेळा उत्पादनाचेही. जपानच्या मित्सुई कंपनीने १९८३ मध्ये शिकोनिन हे लाल द्रव्य वनस्पतिपेशींपासून बाजारात आणले. कर्करोगावरचे पॅक्लिटॅक्सेल पूर्वी यू वृक्षाची साल सोलून मिळत असे. पुढे ते पेशीसंवर्धनाने, पंचाहत्तर हजार लिटरपर्यंतच्या टाक्यांत तयार होऊ लागले. रेणू मौल्यवान असेल आणि त्यासाठी अनेक विकरे एकत्र लागत असतील, तर सावकाश चालणारी पेशीही परवडते.

दुसरा आक्षेप आरोग्याच्या दाव्यांचा. फ्लेव्होनॉइडच्या नावावर बाजारात बरेच काही खपते. शोषण वाढले म्हणजे औषध सिद्ध झाले असे नाही. ५२ टक्के शोषण हा आतड्याचा आकडा आहे, आजार बरा झाल्याचा नाही. नवा साखरयुक्त रेणू विषारी नाही ना, शरीरात गेल्यावर तो पुन्हा मूळ रूपात येतो का, मूळ रेणूपेक्षा त्याचा गुण कमी तर होत नाही ना, हे प्रत्येक वेळी तपासावे लागेल. या शाखेत काम करणाऱ्यांनी सुरुवातीलाच स्वतःवर बंधन घालावे. आपण रेणू बनवतो, औषध नाही. रंग, चव, टिकाऊपणा आणि विद्राव्यता यांसाठीही या रेणूंना भरपूर मागणी आहे. तिथून सुरुवात केली तर खोटी आशा विकण्याची वेळ येत नाही.

तिसरा आक्षेप मला सर्वांत महत्त्वाचा वाटतो. तो विज्ञानाचा नाही, मालकीचा आहे. सह्याद्रीत नरक्या नावाचे झाड आहे. १९७२ मध्ये गोविंदाचारी आणि विश्वनाथन यांनी त्यात कॅम्प्टोथेसिन असल्याचे दाखवले. कर्करोगाच्या औषधांचा हा कच्चा माल आहे. मग नरक्यावर कुऱ्हाडी पडल्या. अख्खी झाडे तोडली गेली आणि त्यांच्या ढलप्या परदेशी गेल्या. २००१ मध्ये मुंबईच्या भाभा अणुसंशोधन केंद्रातील फुलझेले आणि सहकाऱ्यांनी नरक्याच्या सुट्या पेशी वाढवून त्यांतून कॅम्प्टोथेसिन मिळवून दाखवले. पेशीसंवर्धन जंगल वाचवू शकते याचा हा मराठी मुलखातला पुरावा आहे.

पण जंगल वाचले म्हणजे जंगलातला माणूस वाचला असे होत नाही. किंबहुना इथेच नवा धोका आहे. फुले वेचून विकणाऱ्या बाईला दरवर्षी थोडे का होईना पैसे मिळतात, कारण फूल दरवर्षी लागते. पेशींचे वाण मात्र एकदाच एका पानापासून काढले की प्रयोगशाळेत वर्षानुवर्षे जगवता येते. पुन्हा जंगलात यावे लागत नाही आणि पुन्हा कोणाला पैसे द्यावे लागत नाहीत. जैवविविधता कायदा २००२ मध्ये झाला. जैविक संसाधनाचा व्यापारी उपयोग करणाऱ्याने लाभाचा वाटा द्यावा, हे त्याने ठरवले. हा वाटा भारतीय कंपन्यांनाही लागू आहे, असे उत्तराखंड उच्च न्यायालयाने २०१८ मध्ये दिव्य फार्मसीच्या खटल्यात स्पष्ट केले. २०२३ च्या दुरुस्तीने मात्र लागवडीखालील औषधी वनस्पती आणि ग्रंथबद्ध पारंपरिक ज्ञान यांच्यासाठी बऱ्याच सवलती दिल्या. कायदा सैल होत असताना तंत्र अधिक बारीक होत आहे. एका पानाच्या तुकड्यातून उभे राहिलेले पेशींचे वाण ज्या गावच्या जंगलातून आले त्या गावाचे नाव त्याच्यासोबत कायम नोंदलेले राहिले पाहिजे, आणि त्या वाणातून जोवर कमाई होते तोवर वाटा गेला पाहिजे. एकरकमी मोबदला हा या व्यवहारातला न्याय नव्हे.

हे अशक्य नाही. हळदीच्या जखम भरण्याच्या गुणावर अमेरिकेत १९९५ मध्ये दिले गेलेले पेटंट डॉ. रघुनाथ माशेलकर यांच्या नेतृत्वाखालील वैज्ञानिक आणि औद्योगिक संशोधन परिषदेने (सीएसआयआर) आव्हान देऊन १९९७ मध्ये रद्द करवले. त्यासाठी भाषणांचा नव्हे, जुन्या ग्रंथांचा आणि छापील शोधनिबंधांचा पुरावा उपयोगी पडला. गडचिरोलीतल्या मेंढा-लेखा या गावाला २००९ मध्ये सामूहिक वनहक्क मिळाले आणि गावाने आपला बांबू आपल्या हिशेबाने विकून दाखवला. पुराव्याची शिस्त सीएसआयआरने दाखवली, हिशेबाची शिस्त एका ग्रामसभेने. पेशींच्या वाणासाठी या दोन्ही एकत्र आणायच्या आहेत.

आता कामाचे. ऊतिसंवर्धनाची प्रयोगशाळा ही फार मोठी गोष्ट नाही. जंतुरहित हवेचे टेबल, ऑटोक्लेव्ह, शेकर, तापमान सांभाळणारी एक खोली आणि स्वच्छतेची सवय असलेले हात एवढे लागते. जिल्ह्याच्या ठिकाणच्या महाविद्यालयाला ते झेपते. पुण्याच्या राष्ट्रीय रासायनिक प्रयोगशाळेने १९७८ मध्ये हळदीची रोपे ऊतिसंवर्धनाने झपाट्याने वाढवण्याची रीत दिली आणि १९९० मध्ये प्रयोगशाळेतल्या बांबूला फुले आणून ‘नेचर’ या नियतकालिकात जागा मिळवली. ज्ञान आपल्याकडे होते आणि आहे. नव्या रेणूंची ओळख पटवण्यासाठी लागणारी महागडी यंत्रे मात्र प्रत्येक महाविद्यालयाने घ्यायची गरज नाही. दुर्ग जिल्ह्यात २०१६ मध्ये स्थापन झालेली आयआयटी भिलाई आहे, रायपूरला इंदिरा गांधी कृषी विश्वविद्यालय आहे, नागपूरला केंद्रीय लिंबूवर्गीय फळ संशोधन संस्था आहे. यांनी यंत्रे आणि मार्गदर्शन द्यावे. पळस, हिरडा, संत्रे आणि कांदा या चार वनस्पतींच्या पेशींचे वाण महाविद्यालयांनी जोपासावेत. वर्षानुवर्षे नव्या माध्यमावर हलवत राहिल्यावर पेशी आपली क्षमता गमावू शकतात, म्हणून हे काम एखाद्या प्रबंधापुरते करून सोडून देता येत नाही. त्याला कायमचे मनुष्यबळ आणि कायमची रक्कम लागते.

नागपूरची मराठी आणि छत्तीसगडची जंगले यांचा संबंध भोसल्यांच्या काळापासूनचा आहे. १९५६ पर्यंत दुर्ग आणि नागपूर एकाच प्रांतात होते. राज्याची सीमा नंतर आली, पळसाने ती मानली नाही. संशोधनानेही मानू नये. दुर्ग आणि राजनांदगावचे विद्यार्थी नागपूरच्या संस्थांत जावेत, गोंदिया-गडचिरोलीचे विद्यार्थी भिलाईला यावेत आणि दोन्ही राज्यांच्या जैवविविधता मंडळांनी पेशींच्या वाणांची सामायिक नोंदवही ठेवावी.

या पट्ट्यातल्या वनस्पतिशास्त्राच्या आणि रसायनशास्त्राच्या प्राध्यापकांना माझी विनंती आहे. येत्या फाल्गुनात पळसाची फुले पोत्यांत भरून जाण्याआधी, ग्रामसभेची लेखी परवानगी घेऊन एका झाडाचे एक पान आपल्या प्रयोगशाळेत आणा आणि त्याच्या पेशींच्या पहिल्या वाणासमोर त्या गावाचे नाव लिहा. भिलाईला पोलादासाठी परदेशाची मदत घ्यावी लागली होती. या कामासाठी लागणारे झाड, शास्त्र आणि माणसे तिन्ही आपल्याकडेच आहेत.